दादासाहेब तोरणे

रामचंद्र गोपाळ तोरणे ऊर्फ दादासाहेब तोरणे (१३ एप्रिल १८९० – १९ जानेवारी १९६०, पुणे) हे भारतीय चित्रपटसृष्टीच्या आरंभकाळातील निर्माते, दिग्दर्शक, वितरक आणि चित्रपट-यंत्रसामग्रीचे व्यापारी होते. १९१२ साली प्रदर्शित झालेल्या 'पुंडलिक' या मूकपटाशी त्यांचे नाव प्रामुख्याने जोडले जाते. हा भारतीयांनी काढलेला पहिला कथापट मानावा की नाही, यावर चित्रपट-इतिहासकारांत मतभेद आहेत. या मतभेदाच्या गदारोळात तोरणे यांच्या दुसऱ्या आणि कदाचित अधिक टिकाऊ कामाकडे दुर्लक्ष झाले. मूकपट बोलू लागला त्या संक्रमणकाळात ध्वनिमुद्रणाची यंत्रे परदेशातून आणून ती देशी स्टुडिओंना पुरवण्याचा व्यवसाय त्यांनी केला. मराठी बोलपटाच्या घडणीत त्या यंत्रांचा वाटा मोठा आहे. पुण्यातील 'सरस्वती सिनेटोन' या चित्रसंस्थेचे ते संस्थापक होते.

पूर्वायुष्य

तोरणे यांचा जन्म मालवणजवळच्या खेड्यात झाला. वडिलांचे छत्र ते अगदी लहान असतानाच हरपले आणि घरची परिस्थिती हलाखीची झाली. शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. कोकणातील असंख्य मुलांप्रमाणे त्यांनीही पोटासाठी मुंबईची वाट धरली. तेथे विजेच्या कामाशी संबंधित कंपनीत त्यांना नोकरी मिळाली आणि विजेची जोडणी व दुरुस्ती ही कामे त्यांनी हाताने शिकून घेतली.

हा तपशील चरित्रात सहसा एका ओळीत उरकला जातो, परंतु पुढील आयुष्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे आहे. चित्रपटाच्या धंद्यात त्या काळी आलेली बहुतेक माणसे चित्रकला, छायाचित्रण किंवा रंगभूमी या मार्गांनी आली. दादासाहेब फाळके हे चित्रकला, छायाचित्रण व मुद्रण यांतून आले, तर बाबूराव पेंटर हे रंगवलेल्या पडद्यांच्या आणि मूर्तिकलेच्या परंपरेतून. तोरणे आले ते तारा आणि जोडण्यांच्या दुनियेतून. तार कोठून निघते, कोठे जाते आणि मध्ये कोठे तुटली असता दिवा लागत नाही, हे ज्ञान मूकपटाच्या काळात फारसे कामाचे नव्हते. वीस वर्षांनी ते अमोल ठरले.

नोकरीबरोबर त्यांना नाटकाचा नाद लागला. मुंबईत त्या वेळी परदेशी चित्रफितींचे खेळ नियमित होत असत. फ्रान्समधील ल्यूमिएर बंधूंच्या चित्रफिती मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवण्यात आल्या होत्या. त्याला पंधरा वर्षे उलटत आली, तरी पडद्यावर दिसणारी माणसे, गावे आणि गोष्टी बव्हंशी परक्याच होत्या.

'पुंडलिक'

रामराव कीर्तिकर यांच्या 'पुंडलिक' या नाटकाचे चित्रीकरण करावे, ही कल्पना तोरणे यांनी प्रत्यक्षात आणली तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांच्या आसपास होते. कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ या चित्रगृहाशी संबंधित नानासाहेब चित्रे आणि पी. आर. टिपणीस हे त्यांचे सहकारी होते. श्रीपाद नाटक मंडळीच्या नटांनी कामे केली. कॅमेरा जॉन्सन नावाच्या परदेशी छायाचित्रकाराने चालवला आणि फिल्मवरील रासायनिक प्रक्रिया लंडनमध्ये करून घेण्यात आली.

प्रारंभी कॅमेरा एका ठिकाणी ठेवून संपूर्ण प्रयोग टिपावा अशी योजना होती. त्यातून निघणारा परिणाम समाधानकारक नसल्याने पुढे प्रयोगाचे भाग निरनिराळे चित्रित करून नंतर जोडण्यात आले, असे सांगितले जाते. म्हणजे संकलन म्हणून आज जी स्वतंत्र कला ओळखली जाते, तिची गरज तोरणे यांना कोणत्याही पुस्तकावाचून, केवळ कामाच्या ओघात जाणवली होती.

१८ मे १९१२ रोजी मुंबईत गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'पुंडलिक' प्रदर्शित झाला. त्याची लांबी सुमारे बावीस मिनिटांची होती आणि तो परदेशी चित्रफितींच्या जोडीने दाखवला गेला. खेळ सुमारे दोन आठवडे चालला. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मे १९१२ मधील अंकात त्याची जाहिरात आहे. चित्रपटाची प्रत आज अस्तित्वात नाही.

या प्रयोगात एक विसंगती होती. मराठी रंगभूमीवर तो संगीताचा काळ होता. 'मानापमान' नुकतेच, १९११ साली, रंगभूमीवर आले होते आणि प्रेक्षक नाटकाला जात ते निम्म्याहून अधिक पदे ऐकण्यासाठी. नाटक पाहण्याऐवजी लोक नाटक ऐकायला जात, असे म्हटले तरी चालेल. अशा काळात पंढरीच्या भक्ताची कथा पडद्यावर आली ती मात्र संपूर्ण मुकी. नटांचे ओठ हलत होते आणि प्रेक्षागृहात अवाक्षर ऐकू येत नव्हते. त्या काळी चित्रगृहांत पडद्याजवळ पेटी-तबला वाजवणारे बसत, क्वचित एखादा निवेदक कथा सांगे. त्यावरच सर्व भागवावे लागे.

कराची आणि वितरणाचा व्यवसाय

'पुंडलिक'नंतर लगेच तोरणे यांनी चित्रनिर्मितीचा सपाटा लावला असे घडले नाही. नोकरीनिमित्त त्यांची कराचीला बदली झाली. तेथे त्यांची बाबूराव पै यांच्याशी गाठ पडली आणि दोघांनी परदेशी चित्रपटांच्या वितरणाचा व्यवसाय केला. ही भागीदारी दोघांनाही फळली. बाबूराव पै पुढे 'फेमस पिक्चर्स'चे चालक म्हणून आणि 'प्रभात'च्या चित्रपटांचे वितरक म्हणून प्रसिद्धीस आले.

निर्मात्याला आपला चित्रपट पडद्यावर कसा दिसतो याची काळजी असते. वितरकाला तो वीस गावांच्या वीस पडद्यांवर कसा दिसतो याची. यंत्रे कोठे अडतात, फिल्म कोठे फाटते, कोणत्या गावचा चालक तरबेज आहे आणि कोणता खेळ मध्येच बंद पाडतो, हे वितरकाला पत्रांतून आणि तक्रारींतून कळत असे. तोरणे यांनी ही शाळा पुरेपूर केली.

मुंबईस परतल्यावर अर्देशीर इराणी यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध आला आणि इराणींच्या रॉयल आर्ट स्टुडिओची व्यवस्था त्यांनी काही काळ पाहिली. या काळात त्यांनी मूकपटही दिग्दर्शित केले. 'सिंदबाद खलाशी' (१९३०) हा त्यांपैकी एक. १९२९ च्या सुमारास बाबूराव पै यांच्यासह त्यांनी 'मूव्ही कॅमेरा कंपनी' सुरू केली. कॅमेरे आणि चित्रपटाला लागणारी इतर सामग्री आयात करून विकणे हा तिचा उद्योग होता.

बोलपटाचे आगमन

कंपनी सुरू झाली तो मुहूर्त विलक्षण होता. ऑक्टोबर १९२७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'द जॅझ सिंगर' झळकला आणि दोन-तीन वर्षांत अमेरिकेतील मूकपट संपुष्टात आला. १९२९ साली कलकत्त्याच्या एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेसमध्ये 'मेलडी ऑफ लव्ह' हा बोलपट दाखवण्यात आला आणि ही लाट हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागली. भारतातील निर्मात्यांपुढे दोनच मार्ग होते: बोलायला शिकणे किंवा धंदा गुंडाळणे. अनेकांना हे नवे खूळ फार काळ टिकणार नाही असे वाटे. व्ही. शांताराम यांच्यासारखा द्रष्टा दिग्दर्शकही आरंभी साशंक होता.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात इराणींचा 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि शंका मिटल्या. या पहिल्या भारतीय बोलपटाचे ध्वनिमुद्रण 'टॅनार' या यंत्रावर झाले. त्यासाठी विल्फर्ड डेमिंग हा अमेरिकन तंत्रज्ञ आला होता आणि त्याच्याकडून इराणींनी हे तंत्र अल्पावधीत आत्मसात केले. इराणींना बोलपटाकडे वळवण्यात आणि यंत्राच्या खटपटीत तोरणे यांचा हात होता, असे तोरणे यांच्यावरील मराठी लेखनात वारंवार आढळते. दोघांचा व्यावसायिक स्नेह पाहता ते असंभव नाही. परंतु 'आलम आरा'चे ध्वनियंत्र तोरणे यांच्या कंपनीने पुरवले, हे विधान 'टॅनार'च्या नोंदीशी जुळत नाही आणि ते टाळणेच योग्य. तोरणे यांच्या कामाचे मोल त्या एका चित्रपटावर अवलंबून नाही.

तोरणे यांच्या कंपनीकडे 'ऑडिओ-कॅमेक्स' या अमेरिकन बनावटीच्या ध्वनिमुद्रण यंत्राची एजन्सी होती. त्या काळी वेस्टर्न इलेक्ट्रिक आणि आर.सी.ए. या दोन बलाढ्य अमेरिकन कंपन्यांची यंत्रे सर्वोत्तम समजली जात, पण त्यांची किंमत आणि परवाना-शुल्क कर्ज काढून चालणाऱ्या देशी स्टुडिओंना झेपणारे नव्हते. त्यामुळे येथील बोलपट उभा राहिला तो दुय्यम, पण परवडणाऱ्या यंत्रांवर. 'ऑडिओ-कॅमेक्स' हे त्यांपैकी एक प्रमुख होय. 'प्रभात' आणि 'रणजित' या नामवंत संस्थांचा बोलपटातील प्रवेश या यंत्राच्या साहाय्याने झाला. तोरणे यांनी स्वतःच्या 'सरस्वती सिनेटोन'साठीही तेच वापरले.

ध्वनियंत्रणेचे स्वरूप

तोरणे यांनी नेमके काय विकले, हे समजण्यासाठी त्या काळच्या ध्वनियंत्रणेची थोडी ओळख आवश्यक आहे. बोलपटाचे यंत्र म्हणजे एक पेटी नव्हे. ती अनेक उपकरणांची साखळी असते आणि तिची एक कडी निखळली तरी सारा खेळ मुका होतो.

चित्रीकरणाच्या जागी नटांच्या आवाजाने हवेत उमटलेल्या लहरी मायक्रोफोन पकडतो आणि त्यांचे अतिशय क्षीण विद्युत्प्रवाहात रूपांतर करतो. हा प्रवाह इतका दुबळा असतो की, त्याला जसाच्या तसा दूर नेता येत नाही. म्हणून तो काचेच्या वाल्व्हांच्या ॲम्प्लिफायरमधून वाढवला जातो. वाढलेला प्रवाह प्रकाशाच्या एका बारीक फटीवर ताबा चालवतो आणि धावत्या फिल्मच्या कडेला आवाजाच्या चढउतारांची एक अरुंद पट्टी उमटते. चित्रगृहात याच्या नेमके उलट घडते. प्रक्षेपकातील एका लहान दिव्याचा प्रकाश त्या ध्वनिपट्टीतून आरपार जाऊन फोटोसेलवर पडतो. पट्टीच्या गडद-फिक्या भागांनुसार फोटोसेलमधून कमी-अधिक प्रवाह निघतो, तो पुन्हा ॲम्प्लिफायरमध्ये वाढतो आणि पडद्यामागे ठेवलेल्या स्पीकरला हलवतो. आवाज पडद्यातून बाहेर यावा म्हणून पडद्याच्या कापडाला बारीक छिद्रे पाडलेली असतात. प्रेक्षकाला मात्र नट स्वतः बोलत आहे असेच वाटते.

या साखळीत वेळेचे गणित कडक होते. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत. तो सेकंदाला कमीअधिक सोळा चित्रे टिपे आणि हात थोडा हळू वा जलद चालला तरी बिघडत नसे. बोलपटात वेग सेकंदाला अचूक चोवीस चित्रे असावा लागतो, कारण वेग बदलला की आवाजाची पट्टीही बदलते आणि गायक बेसूर होतो. हात गेला आणि विजेची मोटर आली. ३५ मिमी फिल्मवर चित्राच्या जोडीचा आवाज चित्रासमोरच नसतो. तो वीस चौकटी पुढे असतो. कारण चित्रासमोर फिल्म क्षणभर थांबत-थांबत सरकते, तर ध्वनिपट्टीसमोर ती एकसारखी वाहिली पाहिजे, म्हणून दोन्ही जागा वेगळ्या ठेवाव्या लागतात. प्रक्षेपकात फिल्म बसवताना मधला फेरा लहान-मोठा झाला, तर ओठ आधी आणि शब्द मागाहून अशी गंमत होई. आवाज आणि चित्र वेगवेगळ्या फिल्मवर घेतले असल्यास त्यांची जुळणी करण्यासाठी प्रत्येक दृश्याच्या आरंभी दोन फळ्या आपटत. फळ्या एकमेकींना भिडल्याचे चित्र आणि खाडकन झालेला आवाज एकत्र आणले की पुढचे सर्व जुळते.

स्पीकरच्या जोडणीतही शास्त्र होते. प्रत्येक स्पीकरला दोन टोके असतात आणि एकाहून अधिक स्पीकर जोडताना सर्वांची धन टोके ॲम्प्लिफायरच्या धन टोकाला, ऋण टोके ऋणाला जावी लागतात. एखाद्याच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर तो बंद पडत नाही, आणि म्हणूनच चूक लवकर सापडत नाही. एकाचा पडदा पुढे जात असता दुसऱ्याचा मागे येतो, दोघांच्या लहरी एकमेकींना खातात आणि आवाजातील खर्ज नाहीसा होऊन तो पोकळ वाटू लागतो. शिवाय स्पीकरचा विद्युत्-विरोध ॲम्प्लिफायरला मानवेल इतका असावा लागतो. तो फार कमी असल्यास ॲम्प्लिफायरवर ताण येऊन तो तापतो; फार अधिक असल्यास आवाज उठत नाही.

आज घराघरांत येणाऱ्या 'होम थिएटर'च्या रिसीव्हरमागे लाल-काळ्या टोकांच्या ज्या जोड्या दिसतात, त्या याच नियमाच्या वारस आहेत. चित्र देणारे उपकरण एका बाजूने, स्पीकर दुसऱ्या बाजूने आणि मध्ये आवाज वाढवून वाटून देणारा रिसीव्हर ही रचना १९३० च्या दशकातील चित्रगृहाचीच लहान प्रतिकृती आहे. टीव्हीच्या वर किंवा खाली ठेवायचा मधला स्पीकर संवादांसाठी राखून ठेवतात, कारण बोलणे हे चित्राच्या दिशेनेच आले पाहिजे. पडद्यामागे स्पीकर ठेवणाऱ्या पहिल्या पिढीने हेच केले होते. फरक इतकाच की, आज जोडणीची पुस्तिका खोक्यात मिळते. त्या वेळी ती यंत्र विकणाऱ्याच्या डोक्यात असावी लागे.

यंत्र विकले म्हणून काम संपत नसे. मुंबईच्या दमट हवेत वाल्व्ह आणि जोडण्या खराब होत. स्टुडिओंच्या भिंती पत्र्याच्या वा लाकडी असत, त्यातून कावळे, टांगे आणि आगगाड्या आत येत. 'आलम आरा'चे चित्रीकरण जवळच्या रेल्वेमार्गामुळे रात्री उशिरा, गाड्या थांबल्यावर करावे लागले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पार्श्वगायन तेव्हा नव्हते. नट अभिनय करता-करता गात आणि साथीदार कॅमेऱ्याच्या टापूबाहेर, झाडामागे किंवा खांबामागे दडून पेटी-तबला वाजवीत. एकाच मायक्रोफोनला नटाचा गळा आणि तबल्याची थाप यांचा तोल सांभाळायचा असे. मायक्रोफोन कोठे टांगावा हा प्रश्न दिग्दर्शनाचाच भाग बनला. नटाने तोंड वळवले की आवाज गेला. कॅमेऱ्याची घरघर मुद्रित होऊ नये म्हणून त्याला पेटीत कोंडावे किंवा गोधड्यांत गुंडाळावे लागे.

'प्रभात'चा पहिला बोलपट

कोल्हापूरच्या 'प्रभात फिल्म कंपनी'ची स्थापना १ जून १९२९ रोजी झाली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर, व्ही. शांताराम आणि सीताराम कुलकर्णी हे तिचे संस्थापक होते. तिचे आरंभीचे चित्रपट मूक होते. 'आलम आरा'नंतर 'प्रभात'ने बोलपटाचा निर्णय घेतला. ध्वनिमुद्रणाची जबाबदारी दामले यांनी उचलली, आणि मुळात चित्रकार व रंगमंचसजावटीचा कलावंत असलेल्या या गृहस्थाने ती इतक्या नेटाने पेलली की, पुढे 'प्रभात'चा आवाज हाच तिच्या लौकिकाचा एक भाग झाला.

६ फेब्रुवारी १९३२ रोजी 'अयोध्येचा राजा' मुंबईत मॅजेस्टिकमध्ये प्रदर्शित झाला. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे आणि तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या. संगीतही टेंबे यांचेच. मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत तो स्वतंत्रपणे चित्रित झाला. मराठीतील हा पहिला बोलपट मानला जातो आणि त्याची प्रत सुदैवाने आजही पाहता-ऐकता येते. टेंबे यांचा सुस्पष्ट आवाज आणि दुर्गा खोटे यांचे शब्दोच्चार आज नव्वद वर्षांनी कानावर पडतात, त्यामागे कोल्हापुरातील कलावंतांची तपश्चर्या आहेच. तोरणे यांनी आणलेल्या यंत्राचाही भाग आहे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत यंत्र पुरवणाऱ्याला सहसा स्थान नसते.

'सरस्वती सिनेटोन'

यंत्रांचा व्यापार करीत असतानाच तोरणे यांनी पुण्यात 'सरस्वती सिनेटोन'ची स्थापना केली. 'प्रभात' १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास आली, त्याच्या आधीच पुण्यात बोलपटाची हालचाल सुरू करणाऱ्यांत तोरणे होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

संस्थेचा पहिला बोलपट 'श्यामसुंदर' (१९३२). दिग्दर्शक भालजी पेंढारकर. कृष्णाच्या भूमिकेसाठी अहमदनगरच्या एका ख्रिस्ती कुटुंबातील मुलगा निवडण्यात आला. तो शाहू मोडक. राधेची भूमिका शांता आपटे या लहान मुलीने केली. दोघांनाही गाता येत होते, आणि पार्श्वगायनापूर्वीच्या त्या काळात हाच निकष निर्णायक होता. 'श्यामसुंदर' मुंबईत सलग पंचवीसहून अधिक आठवडे चालला आणि रौप्यमहोत्सव साजरा करणारा पहिला भारतीय बोलपट म्हणून त्याची नोंद झाली. शाहू मोडक यांनी पुढे 'माणूस' (१९३९) मध्ये पोलीस शिपाई गणपत आणि 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) मध्ये ज्ञानेश्वर साकारले. शांता आपटे 'अमृतमंथन', 'कुंकू' यांमुळे घरोघरी पोहोचल्या. दोघांचीही कीर्ती 'प्रभात'मध्ये बहरली, पण बोलपटासमोर त्यांना प्रथम उभे केले ते तोरणे यांच्या संस्थेने.

'औट घटकेचा राजा' (१९३३), हिंदीत 'आवारा शहजादा', या चित्रपटात शाहू मोडक यांनी दुहेरी भूमिका केली. भारतीय बोलपटातील पहिली दुहेरी भूमिका असा त्याचा उल्लेख होतो. मूकपटात दुहेरी भूमिका साधणे म्हणजे भिंगाचा अर्धा भाग झाकून एकच फिल्म दोनदा चालवणे. बोलपटात त्याच नटाने स्वतःच्याच प्रश्नाला उत्तर द्यायचे असे, आणि दोन्ही वेळचे आवाज एकमेकांवर न चढता ओळीने यावे लागत. यंत्र जाणणाऱ्या निर्मात्यालाच असे धाडस सुचावे.

त्यानंतर 'छत्रपती संभाजी' (१९३४), 'कृष्ण शिष्टाई' (१९३५), 'सावित्री' (१९३६) इत्यादी चित्रपट आले. विषय बहुधा पौराणिक वा ऐतिहासिक, मांडणी सरळ आणि गाणी भरपूर. 'प्रभात'च्या 'संत तुकाराम' (१९३६) किंवा 'कुंकू' (१९३७) यांच्याशी कलादृष्ट्या त्यांची तुलना होऊ शकत नाही, आणि तसा आग्रह धरणे तोरणे यांच्यावरही अन्याय करणारे ठरेल. 'सरस्वती' ही मध्यम आकाराची, कलावंत आणि तंत्रज्ञ घडवणारी संस्था होती. तेथे उमेदवारी केलेली माणसे नंतर इतर ठिकाणी नावारूपास आली. 'नारद-नारदी' (१९४१) हा तोरणे यांनी दिग्दर्शित केलेल्या उत्तरकालीन चित्रपटांपैकी एक होय.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या चित्रगृहांबाहेर बोलपट पोहोचायला वेळ लागला. वऱ्हाड-खानदेशातील बाजारगावांत, जत्रांत आणि उरुसांत फिरत्या सिनेमांचे तंबू लागत. तेथे वीज नसे, म्हणून तेलाच्या इंजिनावर जनित्र चालवून प्रक्षेपक आणि ॲम्प्लिफायर यांना वीज पुरवत. इंजिनाचा आवाज आत येऊ नये म्हणून ते तंबूपासून लांब ठेवत आणि तेथून तारा ओढत. जनित्राचा वेग घसरला की दिवा मंद होई आणि पडद्यावरचा नायक जड आवाजात गाऊ लागे. पहिल्यांदा बोलपट ऐकणाऱ्या खेडुतांच्या ते लक्षातही येत नसेल; देव पडद्यावर बोलतो आहे, एवढेच पुरेसे होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कच्ची फिल्म दुर्मीळ झाली आणि तिचे वाटप सरकारी परवान्याने होऊ लागले. मासिक पगारावर कलावंत बाळगणारी स्टुडिओपद्धती याच सुमारास ढासळू लागली. स्वतंत्र निर्माते, वाढते मानधन आणि काळा पैसा यांपुढे मध्यम संस्थांचा निभाव लागला नाही. 'सरस्वती सिनेटोन'ही चाळिशीच्या दशकात मावळली. 'प्रभात'सारखी बलाढ्य संस्था १९५० च्या दशकात बंद पडली, यावरून या वादळाची कल्पना येते. तोरणे यांनी आयुष्याची अखेरची वर्षे पुण्यात काढली आणि १९ जानेवारी १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

'पहिला चित्रपट' हा वाद

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी त्याच कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. 'पुंडलिक' त्याच्याआधी जवळजवळ एक वर्ष आला होता. तरीही भारत सरकार आणि बहुतेक इतिहासकार 'राजा हरिश्चंद्र' यालाच पहिला भारतीय कथापट मानतात. त्यामागे तीन कारणे दिली जातात. 'पुंडलिक' हे मुळात नाटकाचे चित्रीकरण होते. कॅमेरा परदेशी माणसाने चालवला. आणि फिल्मची प्रक्रिया परदेशात झाली. उलट फाळके यांनी पटकथा, प्रक्रिया, संकलन ही कामे येथेच, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या घरच्यांच्या साहाय्याने केली.

तोरणे यांच्या बाजूने असे म्हटले जाते की, छायाचित्रकाराचे राष्ट्रीयत्व आणि प्रक्रियेचे ठिकाण यांवरून चित्रपटाचे कर्तृत्व ठरवण्याचा नियम इतरत्र लावला जात नाही. कथा, नट, निर्माते आणि प्रेक्षक हे सर्व मराठीच होते. दुसरा मुद्दा अधिक बलवान आहे, पण नाटकाच्या चित्रीकरणाचा पहिला आक्षेप त्याने पूर्णतः दूर होत नाही. फिल्म उपलब्ध नसल्याने भाग जोडून केलेल्या संकलनाचे स्वरूप आज तपासता येत नाही.

१९६९ साली भारत सरकारने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च सन्मान फाळके यांच्या नावे सुरू केला आणि भारतीय चित्रपटाची शताब्दी २०१३ साली 'राजा हरिश्चंद्र'च्या प्रदर्शनापासून मोजून साजरी झाली. त्या निमित्ताने 'पुंडलिक'च्या अग्रहक्काची मागणी पुन्हा पुढे आली, वृत्तपत्रांत गाजली, आणि सरकारी कालगणना मात्र बदलली नाही. या साऱ्या चर्चेत तोरणे यांच्या नावापुढे १९१२ हे एकच साल लिहिले गेले. 'मूव्ही कॅमेरा कंपनी' आणि 'ऑडिओ-कॅमेक्स' यांचा उल्लेख बहुतेक बातम्यांत नव्हता.